इंजिन मारण्याच्या परवान्याबाबत भावोजींना

तीर्थस्वरूप भावोजींना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची तब्येत उत्तम असणार, असं धरून चालतो. परवा टीव्हीवर तुम्ही मोठ्या साहेबांच्या मागे उभे दिसलात, तेव्हा गालांवर चांगलीच चकाकी होती. (ही म्हणाली, तो मेकअप असतो. मी म्हटलं, सरकारी माणसाला ती आतूनच येते.) ताईचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, जिन्यावर फेऱ्या मारू नकोस. आमच्याकडे सगळं ठीक. माझा खोकला आहे तसाच आहे. ज्या छातीने उभा जन्म पेट्रोलच्या धुरात काढला, तिला स्वच्छ हवेची सवय व्हायला थोडा वेळ लागणारच.

फोन करायचा सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही "मीटिंगमध्ये आहे" म्हणता आणि मला रागावताना मध्ये कुणी तोडलेलं चालत नाही.

आधी आभार मानतो. जुनी पेट्रोलची गाडी सरकारजमा करा आणि विजेच्या गाडीवर सवलत घ्या, अशी योजना तुमच्या खात्याने काढली. जमा झालेली इंजिनं पुन्हा कुणी दुसऱ्या गाडीत बसवू नयेत म्हणून ती मारून टाकायची ठरली, आणि ते मारण्याचा परवाना तुम्ही शब्द टाकून माझ्या गॅरेजला मिळवून दिलात. ज्याने आयुष्यभर इंजिनं जगवली त्यालाच ती मारायला बसवावं, हे परक्या माणसाला सुचलं नसतं. त्याला घरचाच माणूस लागतो.

ते मारणं कसं असतं ते तुम्ही लिहिलंत, पण पाहिलेलं नाही, म्हणून सांगतो. इंजिनातलं ऑइल काढायचं. त्याच्या जागी तुम्ही पाठवलेल्या कॅनमधलं चिकट द्रावण ओतायचं. मग गाडी चालू करून रेस दाबून धरायची. ते द्रावण तापलं की आतल्या आत काचेसारखं घट्ट होतं. आधी इंजिन खरखरतं, मग किंचाळायला लागतं, आणि मग एकदम जाम होतं. पुढे त्याला देवसुद्धा फिरवू शकत नाही. आमच्या शेजारचा पंक्चरवाला हे बघायला रोज स्टूल घेऊन येतो. त्याला कसली चिंता? बॅटरीच्या गाडीलाही चाकंच असतात आणि रस्त्यावरच्या खिळ्यांना योजना ठाऊक नाही. माणूस इतका खूश मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

उद्घाटनाच्या दिवशी जे झालं त्याबद्दल तुम्ही अजून रागावलेले आहात, असं ताईने सांगितलं. माझी बाजू ऐकून घ्या. पहिली गाडी आली ती शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईंची. ती गाडी मी पहिल्यापासून ओळखतो. मोठे साहेब फीत कापत होते, तुम्ही कात्रीचं तबक धरून होतात, आणि बाहेर तुमच्या खात्याची पेट्रोलची गाडी, आत गारवा राहावा म्हणून, इंजिन चालू ठेवून उभी होती. इकडे बाईंची गाडी मिसिंग मारत होती, मध्येच ठोका चुकत होती. आता कुठलाही मेकॅनिक असं इंजिन ऐकत नुसता उभा राहू शकत नाही, भावोजी. साहेबांचं धुरावरचं भाषण रंगात येईपर्यंत मी बॉनेट उघडलं, प्लग साफ केले, टायमिंग लावलं. मला कळलंसुद्धा नाही. गाडी अशी काही बोलायला लागली की बाई खुर्चीवरून उठल्या, कान देऊन ऐकलं, म्हणाल्या, "अहो, ही तर बरी आहे की. मग मी ही मारायला का देऊ?" आणि सगळ्यांच्या देखत गाडीत बसून घरी निघून गेल्या. फोटोवाल्याने त्यांच्या पाठमोऱ्या गाडीचा फोटो काढला, आणि पेपरात तोच छापून आला. यात माझा अपराध एवढाच की मला माझं काम येतं.

त्यानंतर तुम्ही नवा नियम आणलात. मारायला आणलेली गाडी चालू स्थितीत असली पाहिजे, नाहीतर लोक अंगणात गंजलेले सांगाडे आणून सवलत उपटतील. नियम रास्त आहे. पण त्याचा परिणाम काय झाला तो इथे येऊन बघा. लोकांनी सांगाडेच आणले, फक्त आधी माझ्याकडे दुरुस्तीला आणले. म्हणजे सकाळी मी इंजिन उघडतो, घासूनपुसून, जीव ओतून ते उभं करतो, तुमचा निरीक्षक येऊन "चालतंय" म्हणून मान हलवतो, आणि दुपारी तेच इंजिन मी मारतो. इतकं नितळ काम मी उमेदीच्या वयातही केलं नव्हतं. दुरुस्त केलेली एकही गाडी परत तक्रार घेऊन आली नाही, हे मात्र पहिल्यांदाच घडतंय.

सवलत कोण घेतंय, तेही सांगतो. दातांच्या डॉक्टरांनी घेतली. त्यांच्या दारात आधीच दोन गाड्या होत्या, आता तिसरी बॅटरीची आहे. ती ते जवळच्या जवळ फिरवतात, लांब जायचं तर जुनीच काढतात. (मारायला त्यांनी मेहुण्याची बंद पडलेली, माझ्याकडून चालू करून घेऊन दिली.) दूधवाल्याची तीनचाकी सगळ्या गल्लीला काळं करते. ती बदलली तर माझ्या खोकल्यालाही बरं वाटेल. पण त्याला सवलत वजा जाता उरलेले पैसेही जमत नाहीत. ज्याच्यापाशी आहे त्याला सरकार आणखी देतं आणि धूर जिथे होता तिथेच राहतो. तुम्ही याला प्रोत्साहन म्हणता. ताई तुम्हाला वाढते तेव्हा आधी भुकेल्याचं ताट बघते, एवढं तरी तिच्याकडून शिकायचं.

माझा बॅटरीवर राग आहे असं समजू नका. डॉक्टरांची गाडी मी चालवून पाहिली. आवाज नाही, वास नाही, घरातल्या चपला घालून चालावं तशी चालते. दुनिया तिकडेच जाणार आणि जावी. माझ्या खोकल्याची शपथ घेऊन सांगतो, जावी. फक्त जाताना आम्हाला कुठे उतरवणार, ते कुणी सांगत नाही. परिसरातली पेट्रोलची शेवटची गाडी मी मारेन त्या संध्याकाळी माझ्या गॅरेजला काम उरणार नाही. म्हणजे मी रोज थोडं थोडं माझंच गिऱ्हाईक मारतोय.

आता मुद्द्याचं. बॅटरीच्या गाड्या दुरुस्त करायला शिकवणारा सरकारी वर्ग निघालाय, आणि त्याचं प्रमाणपत्र नसलेल्या गॅरेजला पुढे परवाना नाही, हे तुमचं परिपत्रक मिळालं. त्यातली अट वाचून कपाळाला हात लावला. शिकायला येणाऱ्याने स्वतःची पेट्रोलची गाडी आधी जमा करून आदर्श घालून द्यायचा. माझी गाडी म्हणजे बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायची ती व्हॅन. तिची दारं एका गाडीची, इंजिन दुसऱ्या गाडीचं, सीट कुठल्या गाडीची ते आठवत नाही, आणि हे सगळं माझ्या हाताने जुळवलेलं. तुमच्या गाड्या किती वेळा तिने ओढून आणल्या, ते सोडून देऊ. ताईला पहिल्या बाळंतपणाला त्याच व्हॅनमधून नेलं होतं, कारण तुम्ही दौऱ्यावर होतात. तेव्हा स्पष्ट लिहितो. मला शिकायचं नाही, प्रमाणपत्र नको, आणि माझी व्हॅन कुणी मारणार नाही. गॅरेज बंद पडलं तर पडलं. पंक्चरवाल्याच्या शेजारी स्टूल टाकून बसेन.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. रागाच्या भरात कमीजास्त लिहिलं असेल, तर ते मुद्दामच लिहिलंय असं समजावं.

आपला,
ताईचा धाकटा भाऊ

ता. क. : हिने पत्र वाचलं. म्हणाली, "स्टुलावर बसून घर चालणार आहे का?" तेव्हा वर्गात माझं नाव घालून टाका. वयाची अट माझ्या वयाच्या अलीकडेच संपते, तेवढं तुम्ही बघा. लांबचं दिसत नाही, म्हणून बाक पुढचा द्यावा. बरोबरच्या पोरांना मी तुमचा मेहुणा आहे हे सांगू नये.

आणखी एक ता. क. : व्हॅन येत्या आठवड्यात जमा करतो. चालू स्थितीत आहे. काल नवे प्लग घातले, ऑइल बदललं. ते ऑइल काढूनच टाकायचंय हे ठाऊक असून बदललं. मारायला मात्र तुमच्या ऑफिसातला एखादा ड्रायव्हर पाठवा, ज्याला इंजिनातलं काही कळत नाही असा. ती किंचाळायला लागली की तो घाबरून पाय उचलेल. त्याला आधीच बजावून ठेवा की उचलू नकोस, दाबून धर, म्हणजे लवकर सुटेल. मी त्या वेळी तुमच्या घरी ताईजवळ येऊन बसेन. तिला टीव्ही मोठ्याने लावून ठेवायला सांगा. गॅरेजचा आवाज तुमच्या घरापर्यंत येत नाही हे मला माहीत आहे, तरी सांगा.