मागचं डावं चाक

सोमवार, ३ मार्च

गाडीच्या समोरचा तो पिवळा दिवा आजही पेटलेलाच! रविवारी इंजिन चालू केलं तेव्हा होता, आज परत किल्ली फिरवून बघितलं— आहेच. शनिवारी आरटीओत गाडीची तपासणी. नापास झाली तर दीर गाडी भंगारात देणार. रागाच्या भरात मीच शब्द देऊन बसले.

ह्यांची गाडी. हे जाऊन दीड वर्ष झालं. भंगारात? माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही.

दिराचा फोन— "पण वहिनी, मला एक सांगा..." ठेवून दिला.

मंगळवार, ४ मार्च

शेजारच्या इलेक्ट्रिशियनने मीटर दिला. म्हणाला, तो दिवा म्हणजे ब्रेकची तक्रार; करकचून ब्रेक दाबला तरी चाकं घसरू नयेत म्हणून प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो. वायर सोडवून मीटर लावा, चाक फिरवा. आकडा हलला तर ठीक, नाही हलला तर सेन्सर मेला.

एवढंच ना? तीस वर्षं शिवणयंत्र खोलून जोडतेय मी.

बुधवार, ५ मार्च

एकेक चाक जॅकवर. मी चटईवर आडवी, मीटर पोटावर. सासूबाई चाक फिरवायला— वय अठ्ठ्याहत्तर, आणि काय तो जोर! "अहो, हळू! आकडा वाचू तरी द्या!" तर म्हणतात, "माझ्या लेकाची गाडी आहे, मी फिरवीन तशी फिरेल."

ड्रेसचं माप द्यायला एक बाई आली. तिच्या हातात टॉर्च दिला. बिचारी तासभर उकिडवी बसली, माप राहिलंच.

मी आकडे ओरडायचे, सासूबाई जाऊन वहीत लिहायच्या; कुठला आकडा कुठल्या चाकाचा, माझ्या डोक्यात राहिलंच नाही. तीन चाकं ठणठणीत. वहीत— मागचं डावं, शून्य. सापडला!

गुरुवार, ६ मार्च

नवा सेन्सर आणला. मागच्या डाव्या चाकाला बसवला, बोटं सोलली. किल्ली फिरवली.

दिवा पेटलेलाच!! पान्हा असा भिरकावला की कुंडी फुटली.

दीर— "वहिनी, रागावू नका, पण ती गाडी..." आपटला फोन.

शुक्रवार, ७ मार्च

सकाळी सासूबाईंना विचारलं, "लिहिताना तुम्ही कुठे उभ्या होतात?"

"गाडीसमोर. वही बॉनेटवर होती ना, गाडीकडे तोंड करून."

कपाळावर हात मारला! शिवणकामात डावी बाही म्हणजे घालणाऱ्याची डावी, बघणाऱ्याची नव्हे. गाडीचं डावं म्हणजे आत बसणाऱ्याचं डावं. इतकी वर्षं शिवतेय, आणि वही न तपासता चांगला सेन्सर काढून ठेवला!

तोच चांगला सेन्सर उजव्या बाजूला बसवला. दोन्हीकडे एकच चालतो, नशीब. किल्ली फिरवली— दिवा पेटला, आणि विझला! सासूबाईंनी बॉनेटचा मुका घेतला. मीही घेतला, कुणी बघत नव्हतं.

शनिवार, ८ मार्च

आठला तयार. सासूबाई मागे बसल्या, पर्स मांडीवर. मी पुढे, माझ्या नेहमीच्या सीटवर. पट्टे लावले. बसलो. पाच मिनिटं तशाच बसलो.

मग सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगं, चालवणार कोण?"

दोघींनी ह्यांच्या सीटकडे बघितलं. आधी हसलो, पोट दुखेपर्यंत. मग रडलो.

डोळे पुसून दिराला फोन लावला. म्हटलं, "भावजी, परवा काय विचारत होतात, ते विचारा आता."