झरीच्या सोयरिकीआधी

माघ शुद्ध ५, शके १८६३
दशमीला झरीचे पाहुणे नात उमाची सुपारी फोडायला येतात. मुलगा मास्तर आहे. घरात सगळे खूश, मला मात्र एकच घोर — महालिंगाचं काय सांगायचं? माझा धाकटा भाऊ. बावीस वर्षं मागच्या खोलीत, बाहेरून कडी. भिंतीशी बोलतो. थोरला मुलगा म्हणाला, "अण्णा, तुमी गप बसा. इचारलं तरच सांगा." आणि पुढं नातीला तसंच झालं तर?

शुद्ध ६
उमा चुलीपाशी एकटीच हसली. का, म्हणून विचारलं. म्हणे मांजर दुधात तोंड घालून शिंकलं. मी जाऊन बघितलं. मिशीला दूध होतं.

शुद्ध ७
परभणीला डॉक्टरकडं गेलो. हैदराबादेत शिकलेला, तरणा, पण ऐकून घेतो. म्हणाला, जर्मनीत वेड्यांची हजारो घरं धुंडाळून टिपणं केली आहेत. परक्या माणसांत शंभरात एखादा, सख्ख्या भावंडांत आठ-दहा. नातं लांबलं की कमी. हुबेहूब जुळ्यांत एकाला झालं तर दुसऱ्याला बहुधा होतं — पण दरवेळी नाही. "म्हणून रक्तच सगळं असं नाही, बाबा. आणखी काय, ते आम्हालाही कळलेलं नाही."
मग विचारलं, "तुमच्या आईकडचं कोणी असं?"
मी म्हणालो, "आईकडचं कशाला?"
"रक्त दोन्हीकडून येतं."
येताना गाडीत तेच डोक्यात.

शुद्ध ८
पिढ्या लिहून ठेवणाऱ्या हेळव्याला बोलावलं. त्यानं वहीतून सात पिढ्या वाचल्या. सगळे बाप्ये. आईचे भाऊ, आजीचं माहेर — काही नाही. म्हणाला, "मालक, बायकांचं कोन लिहितंय?" मला स्वतःला आईकडची तीनच नावं आठवली.

शुद्ध १०
सांगून टाकलं! थोरल्यानं डोळे वटारले. मुलाचे वडील शिवलिंगअप्पा शांतपणे म्हणाले, "आवो, आमची मायबी तशीच होती. झाडासंगं भांडायची. आमी भाकरी घेऊन झाडाखाली जायचो. मरेपत्तुर पंगतीतच जेवली. बापाकडं मात्र कुनी न्हाई, निर्धास्त ऱ्हावा."
सगळ्यांना हायसं वाटलं. मला नाही. म्हणजे आता दोन्हीकडून! दोन दिवस मुदत मागितली. पाहुणे सुपारी न फोडताच उठले.

शुद्ध ११
डॉक्टरला पुन्हा गाठलं. दोन्ही घरांत असलं तर धोका वाढतो म्हणाला. किती, ते सांगता येत नाही. "तुम्ही नाही म्हणा असं मी म्हणणार नाही. हो म्हणा असंही नाही." मग मी विचारायचं कुणाला?

शुद्ध १२
नकाराची चिठ्ठी लिहिली. धाडण्याआधी उमाला समोर बसवून सगळं सांगितलं, शंभरातल्या आकड्यांपासून झाडाखालच्या भाकरीपर्यंत. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "आबा, मला तसं व्हायचंच असलं, तर त्या घरात होऊ द्या. इथं नगं."
चिठ्ठी अजून माझ्याकडंच आहे.