बदली ड्युटी

आई, काल तुझ्या नातीने पुन्हा तेच विचारलं आणि मी पुन्हा तेच उत्तर दिलं. शेजारच्या घरी बाळ आलंय. ते बघायला आम्ही दोघी गेलो होतो. तिथल्या आजी म्हणाल्या, जन्मल्यावर पहिल्यांदा जो मांडीवर घेतो त्याचा गुण पोराला लागतो. घरी येईपर्यंत हिच्या डोक्यात तेच. कॉलेजात हिचं सारखं काही ना काही चालू असतं, कधी पाण्याच्या नळावरून तर कधी वॉचमनला काढलं म्हणून. प्रिन्सिपलसमोर उभी राहून बोलते आणि मग मला बोलावणं येतं. "मला पहिल्यांदा कोणी घेतलं होतं गं?" म्हणाली. मी म्हटलं, "आजीने. दुसरं कोण घेणार?" ती हसली आणि जेवायला बसली. मी मात्र ताट झाकून ठेवलं आणि कागद घेऊन बसले. तू गेल्याला इतकी वर्षं झाली, आणि तुला लिहायचं काय तर हे.

स्वाईन फ्लूचं ते वर्ष. मी पहिल्या बाळंतपणाला नारपोलीत तुझ्याकडे आलेली. आपली खोली कापडाच्या लूमच्या शेडवर, म्हणजे फरशी कायम थरथरती. लूम चालू असले की पोटातलं बाळ गप्प, लाइट गेली आणि लूम थांबले की लाथा सुरू. तू हात लावून म्हणायचीस, "भिवंडीचीच हाय ही, खडखडाटाबिगर झोप न्हाय हिला." बाबा गेल्यापासून घरात तू एकटी, त्यामुळे माझ्या येण्याने तुला केवढा उत्साह. सरकारी दवाखान्यात तू आया, कायम प्रसूती वॉर्डात. गावातली निम्मी पोरं तुझ्या हातांनी पुसली गेली असतील. रस्त्याने जाताना दाढीवाले बाप्येसुद्धा तुला "मौसी" म्हणून थांबायचे आणि आपल्या पोराला तुझ्या पाया पडायला लावायचे. मी आले त्या दिवशीच तू सांगून टाकलंस, "माझ्या नातवंडाला आधी मी घेणार. माझ्याच वॉर्डात. डॉक्टरीणबाईंना सांगून ठेवलंय." बाळंतविडाही शिवायला घेतला होतास, पिवळ्या फुलांच्या कटपिसाची झबली आणि दुपटं.

तुमच्या वॉर्डाची एक रीत मला लहानपणापासून पाठ आहे. ईदला तू एका मैत्रिणीच्या जागी जायचीस आणि दिवाळीला ती तुझ्या जागी यायची. एकदा दिवाळीत तिने फार अवघड बाळंतपण निभावलं, तेव्हा ती बाळंतीण साडी घेऊन आपल्या घरी आली. मी म्हटलं, तू तर तिथे नव्हतीस. तू म्हणालीस, "बदली ड्युटीत हात कोणाचे का असेनात, ड्युटी जिची तिचीच. चूक झाली तर बोलणी मी खाल्ली असती ना?" साडी मात्र तू त्या मैत्रिणीला नेऊन दिलीस.

आणि मग साथ आली. पुण्याच्या बातम्या टीव्हीवर दिसत होत्या त्या ठाण्यापर्यंत पोचल्या, आणि आपल्याकडे बायका पोरांच्या गळ्यात कापराच्या पुड्या बांधायला लागल्या. लूमवरची माणसं तोंडाला चिंधी बांधून फिरायची. तू चिडायचीस, "कापूर देवाला लावा." दवाखान्याच्या मागच्या जुन्या इमारतीत तापाच्या पेशंटसाठी वेगळा वॉर्ड काढला. ड्युटीचा कागद लागला पण मास्क आले नाहीत. डॉक्टरांपुरते थोडे आले, वॉर्डबॉय, आया, सफाईवाले यांना रुमाल. तू युनियनची शाखा सचिव. गेटवर सभा घेतलीस आणि सांगितलंस, मास्क आणि गोळ्या मिळेपर्यंत आमचा एकही माणूस त्या वॉर्डात पाय ठेवणार नाही. दवाखान्याच्या साहेबांनी एका बैठकीत मान्य केलं. संध्याकाळी तू पेढे घेऊन आलीस. आवाज बसलेला, पण चेहरा असा की मला वाटलं, निवडणूकच जिंकून आली आहेस. मीही दोन पेढे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी तू घरी आलीस ती चप्पल न काढता आत. मग भान आलं तशी परत बाहेर गेलीस, पाय धुतलेस, भाकरी थापायला बसलीस. तांदळाची भाकरी तव्यावर टाकली आणि तिच्याकडे बघत राहिलीस. करपल्याचा वास आला तेव्हा मीच उलथनं घेतलं. मग तू सांगितलंस. आपली माणसं आत जाणार नाहीत म्हटल्यावर साहेबांनी ठेक्यावरच्या पोरी आत पाठवल्या होत्या. त्याच वॉर्डात, रुमाल बांधून. त्यात एक आपल्याच गल्लीतली, तिचा नवरा खालच्या शेडमध्ये लूम चालवायचा. ओढणी पुढे घेऊन, अंग चोरून काम करत होती. तू इतकी वर्षं पोटुश्या बायका बघितलेल्या, तुझ्यापासून काय लपणार? बाजूला घेऊन विचारलंस तर तिने तुझे हात धरले. "मौसी, किसी को बोलना मत. पेट से हूँ पता चला तो ठेकेदार कल से आने नहीं देगा." आणि त्या तापात पोटुशीलाच सगळ्यात जास्त धोका, हे डॉक्टरीणबाईंनी मला माझ्या तपासणीत दोनदा बजावलं होतं.

"पेढे वाटले मी," तू म्हणालीस. "तिला आत घालून पेढे वाटले." मी म्हटलं, तू थोडंच मुद्दाम केलंस. तू करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतलीस आणि सगळी खाल्लीस.

दुसरी गेट-सभा मी डोळ्यांनी बघितली. तपासणीला आले होते, केसपेपर हातात घेऊन रिक्षा स्टँडजवळ उभी राहिले. पाळी बदलायची वेळ, त्यामुळे गर्दी बरी होती, आणि युनियनचे अध्यक्ष स्टुलावर उभे. तू खालून म्हणालीस, मागणी बदलायची. मास्क सगळ्यांना, ठेक्यावरच्यांना आधी, आणि पोटुशी बाई त्या वॉर्डात नको, तिची नोकरीही जाता कामा नये. कुठल्या बाईचं हे चाललंय, ते तू सांगितलं नाहीस. अध्यक्ष चांगला माणूस, तुला बहीण मानायचा. तो समजुतीने म्हणाला, "ताई, आपण युनियन आहोत, धर्मशाळा नाही. त्या पोरी आपल्या मेंबर नाहीत. उद्या त्यांच्यासाठी भांडलो तर आपलं मिळालेलंही जाईल."

"आजार काय मेंबरची पावती बघून धरतो का?"

"तसं नाही ताई. पण मेंबर नसलेल्यासाठी युनियन भांडत नाही, हा नियम तुम्हालाच माहीत आहे. तुम्हीच तर नव्या पोरांना शिकवता."

मागून कोणीतरी म्हणालं, "आम्हाला पण पोरंबाळं आहेत." सगळे तुझ्याकडे बघत होते आणि त्या बघण्यात राग नव्हता, भीती होती. मला तुझा स्वभाव माहीत होता, आणि तू काय बोलणार ते मला तुझ्या खांद्यांवरून कळलं.

"बरं," तू म्हणालीस. "ती मेंबर न्हाय म्हनून तुम्ही भांडनार न्हाय. मी तर मेंबर हाय ना? उद्यापासून तिच्या जागी मी जाते, ती माझ्या जागी प्रसूती वॉर्डात येईल. बदली ड्युटी. रुमाल बांधून जाते. आता भांडा माझ्यासाठी."

अध्यक्ष स्टुलावरून खाली उतरले. दिघाशीची, तुझ्या गावची बोली तुझ्या तोंडात आली की वाद संपला, हे त्यांनाही ठाऊक असावं.

घरी आल्यावर मी तुला काय काय बोलले ते तुला आठवत असेलच. मी म्हटलं, त्या वॉर्डातून तू या खोलीत येणार आणि माझ्या शेजारी झोपणार? तू म्हणालीस, "न्हाय. तू उद्या मावशीकडं जा, दिघाशीला." म्हणजे ते आधीच ठरलं होतं. मी रडत होते आणि तू माझ्या साड्या पिशवीत भरत होतीस. "लोकांच्या पोरीसाठी स्वतःच्या पोरीला घराबाहेर काढतेस? पहिलं बाळंतपण माहेरी असतं, आई!" तेव्हा तू पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवलास. "तुला मावशी हाय. नवरा हाय, सासर हाय. तिला इथं नवऱ्याबिगर कोन हाय, सांग?" उत्तर होतं, की तिला तू आहेस आणि मला नाहीस. ते मी गिळलं आणि सकाळी टेम्पोत बसले.

दिघाशीला शांतता इतकी की पोरगी पोटात सारखी लाथा मारायची. मावशी तुला शिव्या घालायची आणि मला पेज भरवायची. "तुझी आय लहानपनापासून तशीच हाय. लोकांच्या आगीत हात घालील नि घरात येऊन फुंकर मारीत बसंल." रोज संध्याकाळी तुझा फोन यायचा. बाहेर काळ्या फिती लागल्या, दारात धरणं सुरू झालं, कामही चालू, असं तू सांगायचीस. तुझ्या मागून आणखी एक वॉर्डबॉय आत आला, मग तुझी ती ईदवाली मैत्रीण. आपली माणसं आत आहेत म्हटल्यावर युनियनला झोप कशी लागणार? अध्यक्ष स्वतः साहेबांच्या केबिनबाहेर ठाण मांडून बसले. शेवटी मास्कची खोकी आली, ती सफाईवाल्यांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांसाठी. ठेकेदाराकडूनही वदवून घेतलं, त्या पोरीला काढणार नाही. तू हे सांगत होतीस तेव्हा मी फक्त तुझा श्वास ऐकत होते. मध्ये तू खोकलीस. मी विचारलं, तू म्हणालीस, धूळ आहे.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी त्या मैत्रिणीने केला, तुला ताप आहे, त्याच वॉर्डात खाटेवर घेतलंय, घशातला नमुना तपासायला मुंबईला पाठवलाय. मावशीने फोन माझ्या हातातून घेतला आणि देव्हाऱ्यासमोर जाऊन बसली, जी बाई तोवर तुला शिव्याच घालत होती. आणि मला कळा सुरू झाल्या, ठरल्या दिवसाच्या बऱ्याच आधी.

रस्त्यातला प्रत्येक खड्डा मला आठवतो. तूच सांगून ठेवलं होतंस, काही झालं तरी माझ्याच दवाखान्यात आणा, प्रसूती वॉर्ड पुढच्या बाजूला आहे, दार वेगळं आहे. टेम्पो गेटातून आत वळला तेव्हा मी मान वळवून मागची इमारत शोधत होते. खिडक्यांना हिरवा कपडा लावलेला. त्यातल्या कुठल्यातरी खिडकीमागे तू तापाने पडलेली, आणि मधे फक्त एक आवार. मी तुला हाका मारल्या. मावशी म्हणते, अख्ख्या गेटाने ऐकल्या. तू ऐकल्यास का, हे मी तुला कधी विचारलं नाही.

आत मला धरायला तीच, तुझ्या जागेवर आलेली, पुढे आली. तोंडाला जाड मास्क, पोट आता लपवलेलं नाही. मी तिचा हात झिडकारला. तिने परत धरला. मी तिला वाटेल ते बोलले असेन, ती फक्त "हाँ दीदी, हाँ दीदी" करत होती आणि कंबर चोळत होती, अगदी तू चोळायचीस तशी, अंगठे खाली दाबून. तू तिला तेवढ्या दिवसांत कधी शिकवलंस कोण जाणे. पोरगी झाली. डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातात दिली, तिने पुसली, दुपट्यात गुंडाळली आणि स्वतःच्या पोटाला लागून धरली. क्षणभर ती दोन्ही पोरं शेजारी शेजारी होती, एक आत आणि एक बाहेर. मग ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मौसी की ड्यूटी है, दीदी. मैंने मौसी के नाम से लिया."

तुझा रिपोर्ट आला तो साथीचाच. तू गोळ्यांनी बरी झालीस. मावशीकडे बारशाला आलीस, पण उंबऱ्याच्या आत आली नाहीस. सगळे सांगत होते, आता काही नाही, डॉक्टरांनी सोडलंय. तू मास्क लावून दारातच पाट मांडून बसलीस आणि पाळण्याकडे बघत राहिलीस. बाळंतविडा उघडला तर पिवळ्या फुलांची झबली दोनच. बाकीची पुढे मी ओळखली, खालच्या शेडसमोर दोरीवर वाळत असताना. त्यानंतर ठेक्यावरच्या पोरींना युनियनची पावती द्यायचं ठरलं, अध्यक्षांनी पहिली पावती तुझ्याच हातून द्यायला लावली, आणि तू पेढे मात्र आणले नाहीस. काही वर्षांनी किडनीने तुला नेलं. तुझी तिरडी उचलली तेव्हा खालच्या शेडमधला तिचा नवरा अर्ध्या रस्त्यात खांद्याला आला आणि शेवटपर्यंत खांदा सोडला नाही.

तर मी तुझ्या नातीला खोटं सांगते का? तुमच्या वॉर्डाच्या रितीने नाही. ड्युटी तुझी होती, हात दुसरीचे होते एवढंच, आणि गुण तर तुझाच लागलाय, उद्या पुन्हा प्रिन्सिपलकडे जायचंय मला. हे पत्र टाकायला पत्ता नाही. नारपोलीतली खोली पाडून तिथे गोदाम झालंय, म्हणून ते घडी करून उरलेल्या एका झबल्याखाली ठेवते. तू केलंस ते बरोबर होतं. मी ते कोणाहीसमोर सांगते, अभिमानाने सांगते. पण आई, त्या दिवशी मला बरोबर काय ते नको होतं. मला तू हवी होतीस.