अस्सलबरहुकूम

आबा, या डबीची वायर वीतभर आहे. वीतभर म्हणजे अगदी वीतभर, मी मोजून पाहिली. तळहाताएवढ्या डबीत अख्ख्या तहसिलीचं दप्तर मावेल एवढी जागा ज्यांनी केली, त्यांना हातभर वायर देणं जड गेलं. आमचा कॉम्प्युटर टेबलाखाली, त्याची भोकं मागच्या अंगाला. त्यामुळे ही महागाची वस्तू वटवाघळासारखी टेबलाच्या कडेला लोंबते. हिला धक्का चालत नाही, असं खोक्यावर बजावलेलं आहे. म्हणून मी हिच्याखाली उशी ठेवली आहे. तक्रार नेमकी कुठे करायची ते कळेना, म्हणून तुम्हाला लिहायला बसलो. तुम्ही जाऊन दहा वर्षं झाली, म्हणजे उत्तराची घाई नाही.

हिला एक्स्टर्नल हार्ड डिस्क म्हणतात. तुमच्या भाषेत, नकलांची पेटी. कॉम्प्युटरात जे असेल त्याची दुसरी प्रत हिच्यात ठेवायची, म्हणजे एक गेलं तरी दुसरं उरतं. मी ही आणली तेव्हा पहिलं गेलेलं होतं.

तुम्ही तहसिलीत नक्कल कारकून. मला तुम्ही आठवता ते कायम वाकलेलेच. डोंगरकडा गावचा एखादा म्हातारा वाटणीपत्राची नक्कल मागायला आलेला आहे, तुम्ही कापडात बांधलेलं अस्सल सोडता, बोरू नसूनही बोरूनं लिहावं तसं लिहिता. मग दुसरा कारकून अस्सल मोठ्यानं वाचतो आणि तुम्ही नकलेवर बोट फिरवत जाता. ही रुजवात. खाली दोन ओळी असतात, ‘नक्कल करणार’ आणि ‘रुजवात घेणार’, दोघांच्या दोन सह्या, आणि मग ‘अस्सलबरहुकूम’, म्हणजे अस्सलात आहे तसंच. मी एकदा विचारलं होतं, दोन माणसं काहून लागतात? तुम्ही म्हणालात, “लिहिणाऱ्यानं आपली रुजवात आपण घेऊ न्हाई. आपली चूक आपल्याला गोड लागते.” आणि दुसरा नियम तुम्ही न विचारता सांगितलात, “अस्सल कधी हातचं सोडू न्हाई. नक्कल किती बी द्यावी.”

नकला मीही करत होतो, फक्त दुसऱ्या अर्थाच्या. शाळेत मास्तरांच्या, पुढे साप्ताहिकात सभापतींच्या आणि साहेबांच्या. लोक हसायचे, आणि हसणाऱ्या लोकांपुढे माणूस घरचंही वाढून मोकळा होतो. एका अंकात मी एक कारकून रंगवला. अस्सल कागदावर मेलेली माशी चिकटलेली बघून तो एक माशी मारतो आणि नकलेवर बराबर त्याच जागी चिकटवतो. मक्षिकास्थाने मक्षिका. चष्म्याची दोरी तुमची, खोकण्याची तऱ्हा तुमची. तुम्हाला निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि तो कोण हे साऱ्या तहसिलीला कळलं. छापखान्यानं मात्र एका ठिकाणी ‘माशी’ची ‘मावशी’ केली. कारकुनानं मावशी मारून नकलेवर चिकटवली, असं छापून आलं. तुम्ही अंक वाचलात, घडी केलीत आणि म्हणालात, “छापखान्याची चूक ऱ्हायली बघ.” बस. एवढंच.

त्यानंतर तुम्ही दोनशे पानी वही आणलीत आणि माझे लेख उतरवून काढायला लागलात. दर लेखाखाली त्याच दोन ओळी. एका दुपारी हाक मारलीत, “ये जरा, अंक वाच. रुजवात घिऊ.” मी म्हणालो, टाइम नाही, लेख द्यायचाय. “बरं,” तुम्ही म्हणालात. मग तुम्ही टेपरेकॉर्डर काढलात. अंक समोर धरून लेख टेपमध्ये वाचलात, कॅसेट मागे फिरवलीत आणि आपलाच आवाज ऐकत वहीवर बोट फिरवत बसलात. आई चुलीकडून म्हणाली, “आता सोताशीच बोलून राहिले.” तरी ‘रुजवात घेणार’पुढे सही तुम्ही केली नाहीत. वाचणारा आणि लिहिणारा एकच होता ना.

तुम्ही गेल्यावर ती कॅसेट माझ्याकडे आली. माशीचाच लेख. तुम्ही स्वल्पविराम, पूर्णविराम सगळं वाचता. “मावशी” म्हणताना आवाज हलत नाही. मागे आईची भांडी वाजतात. शेवटी तुम्ही खोकता आणि म्हणता, “रुजवात बाकी.” मग खट्ट.

कॅसेटला बुरशी धरायला लागली तेव्हा मी तो आवाज कॉम्प्युटरात घालून घेतला. आणि कॅसेट फेकून दिली. आबा, वाचलंत ना? फेकून दिली. घरात पसारा नको म्हणून. अस्सल हातचं सोडलं आणि एका नकलेवर निर्धास्त झोपलो. नक्कल कारकुनाचा मुलगा.

बायको म्हणत होती, दुसरी प्रत ठेवा. म्हणून हिंगोलीत दुकानात गेलो. मोठी डबी की लहान, यावर अर्धा तास घातला. दुकानदार म्हणाला, “मोठी घ्या सर, जागा डबल.” तिला वेगळा प्लग लागतो? “लागते.” आणि लाइट गेली तर? “लाइट गेली तं कॉम्प्युटरबी जाते न सर, काहून टेन्शन घेऊन राहिले? न्हाई तं ही लहान घ्या, वायरीवरच चालते. पन पडली तं मेली.” एक वाया जाणार लाइटीनं, दुसरी हातानं. शिवाय लाल का काळी. मी म्हणालो, विचार करून येतो. आणि घरी येऊन काय केलं? लेख लिहिला. सात पिढ्यांचं मावेल एवढी जागा विकत मिळते, फक्त ठेवण्यासारखं काही आणा, असा. लोकांना फार आवडला. बायको म्हणाली, “लेख आला. डबी आली का?”

पुढच्याच आठवड्यात आठ तासांच्या लोडशेडिंगनंतर भर दुपारी लाइट आली ती दणका देऊनच. जळका वास आला. दुरुस्तीवाल्यानं आतली डिस्क कानाशी धरून हलवली, घड्याळ बघतात तशी. “न्हाई निघत सर काही. बॅकअप आसंल न तुमच्याकडं?” त्यानं भल्या मनानंच विचारलं होतं. मी हसलो. मला दुसरं येतं काय?

नंतर जाऊन ही लहान आणली. लाल का काळी, दुकानदारानं विचारलं. कोणतीही द्या म्हणालो. आता तिला नव्या कॉम्प्युटरला लावलं की पडद्यावर दिसतं, जागा शिल्लक. शिल्लकच शिल्लक. तुमचा आवाज मनात आणायला जातो तर शब्द आठवतात, सूर येत नाही. तुमची नक्कल करून लोकांना हसवणाऱ्या मला ती आता जमत नाही. करून पाहिली. माझाच आवाज येतो.

काल तुमच्या जुन्या लोखंडी पेटीत ती दोनशे पानी वही सापडली. वर वर्तमानपत्राचं कव्हर. ते सोडवून बघितलं तर आतल्या अंगाला तोच अंक, तोच माशीचा लेख. अस्सल तुम्ही नकलेलाच गुंडाळून ठेवलं होतं. आज सकाळी बायकोला समोर बसवलं. ती अंक वाचत गेली, मी वहीवर बोट फिरवत गेलो. ‘मावशी’पाशी ती हसली आणि मग माझ्याकडे बघून थांबली. मी म्हणालो, वाच. वहीतही मावशीच होती. चष्म्याची दोरी होती, खोकला होता, तुमची सगळी चेष्टा तुमच्याच वळणदार अक्षरात, काना-मात्रेचा फरक नाही.

हे पत्र हातानं लिहिलं आहे, याची दुसरी प्रत काढणार नाही. ते वहीतच राहील. एक सांगायचं राहिलं. त्या दुपारी तुम्ही हाक मारलीत तेव्हा मला कसलाही लेख द्यायचा नव्हता. मी बाहेरच्या खोलीत पडून होतो, आणि तुम्ही टेपमध्ये वाचत होतात ते सगळं मी ऐकत होतो.

‘रुजवात घेणार’ या ओळीवर मी आज सही केली. तारीख आजचीच घातली. मागची तुम्हाला चालली नसती.