अण्णांना विचारून सांगतो

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर
फेब्रुवारी १९७४

प्रिय सोमलिंगअण्णा,

आजवर तुम्हाला लिहिलेल्या प्रत्येक पत्राच्या डोक्यावर 'तीर्थरूप' घातलं. आज हात अडला. 'प्रिय' लिहितानाही अडलाच, पण ते निदान खोटं नाही. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या माणसाला पोस्टाने पत्र धाडतोय म्हणून पोस्टमन हसेल. हसू दे. समोर आलो की तुम्ही कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं 'बस की तम्मा' म्हणणार, घरातून अव्वा चहा आणून ठेवणार, आणि मी थंडीचं, उसाचं काहीबाही बोलून उठणार. खंडेनवमीपासून असाच येऊन जातोय. या बाळासोला काही कळलं नाही, असं तुम्हाला वाटत असेल. नाहीतर कळलंय हे ठाऊक असूनही तुम्ही माझ्याशी उसाचं बोलत असाल. यातलं कुठलं जास्त वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

राधानगरीकडून आलो तेव्हा तुम्ही मला तुमच्या फौंड्रीत मोल्डर म्हणून, वाळूचे साचे करायला ठेवून घेतलंत. वाळू मुठीत दाबायची, मग मोडून बघायची, बोटांचे ठसे उमटले आणि कडा ढासळल्या नाहीत तर साचा धरेल, हे माझ्या हातावर हात ठेवून शिकवलंत. मला बरं चाललं होतं. तुम्हीच एक दिवस म्हणालात, "दुसऱ्याची भट्टी किती दिस फुकणार रं? सोताची लाव की." जागा तुम्ही बघितलीत, पहिलं गिऱ्हाईक तुम्ही दिलंत. पहिल्यांदा भट्टी पेटवायची होती त्या सकाळी तुमच्या भट्टीतला विस्तव घमेल्यात घेऊन तुम्ही स्वतः चालत आलात. तुमच्या घराण्याची ती रीत. पदरचा माणूस वेगळा झाला तर त्याला आपला विस्तव द्यायचा. गल्लीतले लोक दारात येऊन बघत होते, आणि मी रडत होतो.

पुढे सोमवार म्हणजे तुमचा ओटा हे ठरूनच गेलं. उद्यमनगर बंद, भट्ट्या थंड, आणि मी आठवडाभर साठवलेले प्रश्न घेऊन हजर. कोणता मोल्डर ठेवू, कोणाला दर वाढवून सांगू, कुणाशी वाकडं घेऊ नये. गल्लीतले बाकीचे हात पोळून शिकले, मी विचारून शिकलो. तुम्ही गोड बोलणाऱ्यातले नव्हता. एका पावसाळ्यात वाळू ओली राहिली होती, माझी माणसं साचे लावून बसलेली, भट्टीत ओतायचं बिडाचं लोखंड वितळलेलं. तुम्ही सहज म्हणून डोकावलात, एक साचा उचकटून वाळू नाकाशी नेलीत आणि ओरडलात, "फोड! समदं फोड!" सगळ्यांसमोर माझी अब्रू गेली, आणि माझा धंदा वाचला. तुमचं सगळ्यांत मोठं शिकवणं वेगळंच होतं. "गिऱ्हाइकाला व्हय कुणीबी म्हणतंय. न्हाय म्हणायला शीक, मग तू मालक." मी हे लोकांना फुशारकीने सांगायचो. आमची विमला वैतागायची. म्हणायची, "तुमचं डोकं अण्णांच्या खुंटीला टांगलंय. घरला येताना घिऊन येत जावा."

म्हणून गेल्या पावसाळ्यात पुण्याच्या इंजिन कंपनीचे साहेब माझ्या फौंड्रीत आले, तेव्हा मी काय करणार होतो ते तुम्हाला आधीच माहीत होतं. इंजिनांच्या हेडचं, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचं काम, वर्षानुवर्षं चालणारं. आपल्या भागात एवढं काम एका माणसाला मिळाल्याचं मी ऐकलं नव्हतं. ज्यावरून साचा घ्यायचा तो हेडचा लाकडी पॅटर्न ते माझ्याकडे ठेवून गेले, बघा आणि कळवा म्हणाले. मी तो रोज हातात घेऊन बसायचो. सागवानी होता, एका कोपऱ्यात गाठ होती, तिथे सुतारानं फट बुजवायला लांबी भरलेली. सोमवारी तुमच्याकडे आलो. तुम्ही बराच वेळ सुपारी कातरत राहिलात, आणि मग म्हणालात, "नको. हेडच्या पोटात पाणी खेळतंय, ती पोकळी ठिवायला वाळूचा कोअर नाजूक लागतोय. तुजी पोरं त्यो फोडणार. माल परत यील, नाव जाईल. तू आपली फ्लायव्हीलं वत." मला वाईट वाटलं, पण शंका आली नाही. नकाराचं पत्रसुद्धा तुम्ही सांगितलंत आणि मी लिहिलं. शेवटी 'क्षमस्व' घाल म्हणालात, तेही घातलं.

खंडेनवमीला दरवर्षीप्रमाणे तुमच्याकडे पूजेला आलो. फावडी, कुदळी, पक्कडी, पॅटर्न, सगळं धुऊन पाटावर मांडलेलं, झेंडूच्या माळा घातलेल्या. मधोमध तो होता. कोपऱ्यातल्या गाठीवर लांबी भरलेला. तुमचा महांतेश नवं धोतर नेसून पूजा करत होता. मी समजायचं ते समजलो. तरी माझी पाळी आली तेव्हा वाकून त्या पॅटर्नला हळदकुंकू वाहिलं, अण्णा. तुम्ही बघत होता. मग तुम्ही उठून माझ्या ओंजळीत सगळ्यांपेक्षा जास्त प्रसाद घातलात. तो मी खाल्लाही. घरी येऊन विमलाला सांगितलं, तर मला वाटलं होतं ती तुम्हाला बोल लावेल. ती एवढंच म्हणाली, "त्यांचं प्वार हाय, त्यांनी प्वाराचं बगितलं. तुमी त्यांचं कोण?"

तुम्हालाच विचारतो, मी तुमचा कोण? पोराला पुढं आणायचं होतं, तर त्यात गैर काय होतं? 'बाळासो, हे काम महांतेशला दे' एवढं म्हणायचं होतंत. तो पॅटर्न मी डोक्यावर घेऊन तुमच्या दारात आणला असता, आणि आयुष्यभर आनंदात फ्लायव्हीलं ओतली असती. तुम्ही मागितलं नाहीत. तुम्ही सल्ला दिलात. ज्या आवाजात 'फोड' म्हणाला होतात, त्याच आवाजात 'नको' म्हणालात, आणि मला फरक कळला नाही. आता मी सगळं जुनं उकरत बसतो. सांगलीचं गिऱ्हाईक सोड म्हणाला होतात, ते माझ्यासाठी की तुमच्यासाठी? भट्टी मोठी करू नको म्हणाला होतात, ते? चांगल्या दिवसांचाही भरवसा वाटेनासा झालाय. साधा मोल्डर ठेवायचा तरी माझं मन धजत नाही. दुसरी ऑर्डर मिळेल मला. विचारायला ओटा कुठून आणू?

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. काल ते पुण्याचे साहेब पुन्हा आले होते. महांतेशची हेडं परत चाललीत, कोअर फुटतायत. म्हणजे तुम्ही मला सांगितलं होतं ते खरंही होतं, आणि हे मला जास्त लागलंय. पॅटर्न परत घेऊन मला द्यायला ते तयार आहेत. मी नाही म्हटलं तर काम बेळगावला जाईल, पण तेही लगेच नाही. तोवर महांतेशला हात बसवायला सवड मिळेल. मी हो म्हटलं, तर त्याने या कामासाठी बांधलेली नवी भट्टी या महिन्यातच विझेल. विमला म्हणते घ्या. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "आमच्या अण्णांना विचारून सांगतो." साहेब हसले. त्यांना वाटलं मी टोमणा मारला. मी खरंच विचारणार होतो. माझ्या हातांना आणि माझ्या पोरांना हे काम जमेल का, हे तुमच्याइतकं कोल्हापुरात कुणाला सांगता येणार नाही. म्हणून विचारतो, अण्णा, घेऊ की नको? घे म्हणालात तर तुमच्या पोराचं जाईल. नको म्हणालात तर ते खरं असलं तरी मी मानणार नाही. सोमवारी येतो. काय सांगायचं ते नीट ठरवून ठेवा. या वेळी ज्याला विचारावं असं तुम्हाला कुणी नाही.

अजून तरी तुमचाच,
बाळासो