आत्याची पाने सोडून बाकी सगळे

मी, कुमारी रुपाली भगवानराव खिल्लारे, वय अठ्ठावीस, सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल, राहणार बोरी, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे असे येथे लिहावे लागते. ती शाबूत आहे, पण गोंधळलेली आहे. गोंधळलेल्या माणसाचे मृत्युपत्र चालते का, असे मी जिंतूरच्या वकिलांना विचारले. ते म्हणाले, "ताई, गोंधळ वेगळा अन् वेड वेगळं. लिहा तुम्ही. पण खाडाखोड करू नका, पुढं त्यावरच भांडणं होतात." म्हणून खाडाखोड करणार नाही. मत बदलले तर पुढच्या कलमात तसे लिहीन. वाचणाऱ्याने शेवटपर्यंत वाचावे, मध्येच वाटणी सुरू करू नये.

लिहिण्याचे कारण असे की येत्या आठवड्यात परभणीला माझ्या गळ्यातल्या गाठीचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. आई म्हणते, "मग किरकोळीसाठी असलं वंगाळ कशाला लिवायलीस?" तिचे बरोबर असेल. पण माझ्याजवळ दुसऱ्यांच्या काही वस्तू आहेत आणि त्या कोणाच्या हे माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. खरे तर मलाही नीट माहीत नाही.

कलम १. राहते घर माझे वडील भगवानराव यांचे आहे. त्यावर मी काही लिहू शकत नाही. बँकेत जे काही आहे ते आईला. तिने ते तिच्या दातांसाठी खर्च करावे, माझ्या नावाने कोणाला जेवण घालू नये. स्कूटी वडिलांना. तिचा पुढचा ब्रेक लागत नाही, हे त्यांना आजच सांगून ठेवते.

कलम २. पुस्तके शिवण्याचा दाभण, मेणाचा दोरा आणि खळीचा डबा वाचनालयात माझ्यानंतर जो कोणी येईल त्याला. त्याने चिकटपट्टी वापरू नये. चिकटपट्टीने पान वाचत नाही, फक्त मरण लांबते.

कलम ३. माझी स्वतःची पुस्तके, म्हणजे बायकांनी लिहिलेली आणि बायकांच्या जगण्यावर लिहिलेली सगळी, वाचनालयाला देते. येथे एक जुना हिशेब मिटवते. वाचनालयाचे अध्यक्ष दत्तराव काका यांनी मी रुजू होण्याआधी बायकांची सर्व आत्मचरित्रे 'गृहोपयोगी' या फळीवर, लोणची आणि भरतकामाच्या पुस्तकांशेजारी लावली होती. मी विचारले तेव्हा म्हणाले, "बायकांचंच हाय की सगळं. एका जागी असलेलं बरं." मला इतका राग आला होता की मी एक संपूर्ण दुपार त्यांच्याशी बोलले नाही. मी पुस्तके उचलून 'चरित्र' या फळीवर लावली. त्यानंतर ती पुस्तके कोणी नेईना. चौकशी केली तेव्हा वाचनालयात नेहमी येणाऱ्या चतुराबाई म्हणाल्या, "बाई, चरित्राच्या फळीपाशी बाप्ये बसतेत पेपर वाचत. लोणच्याच्या फळीवरून काय बी नेलं तरी घरी कुणी इचारत न्हाई." मी ती सगळी पुस्तके परत लोणच्यांशेजारी ठेवली. माझी पुस्तकेही तेथेच ठेवावीत. ग्रंथालयशास्त्रानुसार हे चूक आहे. दत्तराव काका बरोबर होते असेही मी म्हणत नाही. पण ती हलवू नयेत.

कलम ४. रविवारी दुपारी वाचनालयात बायका जमतात. मी मोठ्याने वाचते, त्या ऐकतात, आणि कोणीतरी म्हणते, "ह्यात काय नवं हाय? माझं बी असंच झालं." त्यातून मी त्यांच्या आठवणी ऐकून लिहू लागले. माझी पद्धत अशी: मोबाईलवर बोलणे घ्यायचे, घरी लिहायचे, पुढच्या रविवारी त्या बाईला वाचून दाखवायचे. तिने 'हे माझं हाय' म्हटले की पानाखाली तिची सही किंवा अंगठा. त्याचे पुस्तक तयार आहे, परभणीच्या छापखान्यात द्यायचे बाकी आहे. मुखपृष्ठावर माझ्या नावापुढे लेखिका असे घालू नये, 'ऐकून लिहिले' असे घालावे. मोबाईलमधले बोलणे ज्या त्या बाईला ऐकवून, ती म्हणेल तर पुसावे.

आता अडचणीकडे येते. इतका वेळ मी दाभण आणि ब्रेक यांच्याबद्दल लिहीत होते, ते ही अडचण लांबावी म्हणून.

कलम ५. पुस्तकातली शेवटची पाने माझ्या आत्याची आहेत. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, राहणार चारठाणा. तिने मला अक्षर शिकवले. मी चार वर्षांची असताना ती वर्षभर आमच्याकडे राहिली होती. मांडीवर तिचा तान्हा नागसेन असायचा, म्हणून पाटी धरता यायची नाही. ती पाण्यात बोट बुडवून शहाबादी फरशीवर अक्षर काढायची आणि ते वाळायच्या आत मी वाचायचे. शाळेत गेले तेव्हा मला वाचता येत होते. ही गोष्ट मी आयुष्यभर अभिमानाने सांगत आले, की आमच्या घरात शिक्षणाची इतकी कदर की आत्या खास मला शिकवायला येऊन राहिली. आमच्या गल्लीत सगळ्यांना हेच माहीत आहे. नागसेनलाही.

मागच्या वर्षी आत्या रविवारी आली, बायकांचे ऐकले आणि म्हणाली, "माझं बी घे." तिचे यजमान सिताराम, ज्यांना मी मामंजी म्हणायचे, येलदरी धरणावरून टेम्पोत मासे आणून गावोगाव विकायचे. मासे खपले तर घरात हसणे. नाही खपले तर राग आत्यावर निघायचा. तिने सांगितले, "टेम्पोच्या आधी वास यायचा घरात. वास जड असला की मी लेकराला शेजारी देऊन यायचे. मंग मार खायला मोकळी." एका सकाळी ती लेकरू घेऊन बोरीला निघून आली. शिकवायला आली नव्हती.

मी वडिलांना विचारले, "बाबा, तुम्ही सगळ्यांना खोटं का सांगितलं?" ते म्हणाले, "नवऱ्याला सोडून आली म्हणून सांगाय पाहिजे होतं का? पोरीला शिकवायला आलीय म्हणलं. शिकवलं का न्हाई तिनं तुला?"

"शिकवलं."

"मग खोटं कुठं झालं?"

तेव्हापासून मी 'अ' काढला तरी मला त्यात मामंजींच्या टेम्पोचा वास येतो, आणि लगेच वाटते की हा मामंजींवर अन्याय आहे, कारण मला तर त्यांनी दर वेळी खाऊला गुडदाणी आणली.

कलम ६. आत्या वर्षाने परत गेली ती स्वतःच्या अटीवर: शिलाई मशीन घेऊन द्यायचे, आणि हात उचलला तर ती भावाला नाही, अख्ख्या गल्लीला ओरडून सांगणार. मी विचारले, त्यानंतर उचलला नाही? ती म्हणाली, "न्हाई. म्हंजे, लय न्हाई." हे शेवटचे दोन शब्द छापायचे की नाही? वाचून दाखवताना मी ते गाळले. आत्याने मला थांबवले आणि म्हणाली, "मी आणखी काय तरी म्हणले होते." म्हणून ते शब्द ठेवले आहेत.

कलम ७. आत्याचा मुलगा नागसेन, जिंतूरच्या एका शाळेत शिक्षक, याला मी काहीही देत नाही. कारण त्याने मला वाचनालयात येऊन चार बायकांसमोर म्हटले, "ताई, दुसऱ्याच्या घरातलं धुणं वाळवून तुला बक्षीस मिळणार हाय का? माझ्या बापानं टेम्पो इकून मला शिकवलं. ते लिवलंस का?" मी म्हटले, लिहिले आहे, आत्याच्या सातव्या पानावर. तो म्हणाला, "सातव्या! अन् मारलेलं पहिल्या पानावर!" मी रागाने म्हटले की घडले त्या क्रमाने लिहिले आहे. घरी येऊन रडले, कारण तो अर्धा बरोबर होता आणि कोणता अर्धा ते मला कळेना. त्याचे म्हणणे, निदान आईचे नाव तरी घालू नको. मामंजी आता नाहीत, त्यांना उत्तर देता येणार नाही, हेही खरेच.

कलम ८. मग मी आत्याला विचारले, नाव घालू का. एका रविवारी म्हणाली, "घाल." पुढच्या रविवारी म्हणाली, "नागसेन म्हणतो तसं कर, त्याला शाळेत तोंड दाखवायचंय." तिसऱ्यांदा विचारले तेव्हा चिडली, "रूपे, तू मला इचारून इचारून खायलीस. तू ठरव की!" पण मी कशी ठरवणार? जगली ती. मी फक्त ऐकले.

शिवाय कोणते नाव? ती जन्मली तेव्हा आजोबांनी हौसेने सुकेशनी नाव ठेवले. लग्नात सासरच्यांनी रोहिणी केले. आपण धम्म घेतला, पुष्कळ रीती सोडल्या, पण सुनेचे नाव बदलायची रीत मात्र काखेत मारून घेऊन आलो. तिची सगळी कागदपत्रे रोहिणी सिताराम वाकळे या नावाची आहेत. चारठाण्यात सुकेशनी कोणालाच माहीत नाही. म्हणजे सुकेशनी असे छापले तर नाव खरे राहील आणि कळणारही नाही. दोन दिवस मला वाटले की सुटले. तिसऱ्या दिवशी वाटले, ही तर वडिलांचीच युक्ती झाली. खरेही आहे आणि झाकलेलेही आहे.

याच वेळी एक गोष्ट आठवली. फरशीवर तिने आधी माझे नाव काढले होते, आणि ते वाळल्यावर त्याच जागी दुसरे. मी अडखळत वाचले, सु-के-श-नी. ती म्हणाली, "हे बी एक नाव हाय." कोणाचे, हे मी विचारले नाही. मी पुढच्या अक्षराची वाट पाहत होते.

कलम ९. सबब, मी ठरवू शकत नसल्याने, आत्याची पाने पुस्तकातून काढून, मूळ कागद आणि मोबाईलमधले बोलणे यांसह, श्रीमती रोहिणी ऊर्फ सुकेशनी यांना मृत्युपत्राने देते. त्यांनी ती छापावीत, जाळावीत किंवा मशीनच्या खणात ठेवावीत. बाकीचे पुस्तक त्या पानांशिवाय छापावे.

(येथपर्यंत लिहून झाले होते. पुढचे आज, रविवारी दुपारी, वाचनालयात लिहीत आहे.)

कलम १०. आज आत्या साक्षीदार म्हणून सही करायला आली. नागसेनने तिला मोटारसायकलवर आणले आणि तो बाहेर पायरीवर बसला. मी तिला सांगितले, "आत्या, तू नको. वकील म्हणालेत, ज्याला काही मिळणार त्यानं साक्षीदार होऊ नये. मी तुला नवव्या कलमात दिलंय."

"काय दिलंस? आण इकडं." तिने चष्मा लावला आणि पहिल्यापासून वाचले. लोणच्याच्या फळीपाशी आली तेव्हा हसली. सहाव्या कलमाला तिने बोट लावून ठेवले. नवव्याला आली आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"माझी पानं मला देतीस?"

"हो."

"तू कोण देणारी? माझंच हाय ते. तुझ्यापाशी सांभाळायला ठेवलं होतं मी."

मी म्हटले, मग छापायचे का, ते सांग.

"छापायचं म्हणून तर सांगितलं ना तुला. गप बसायचं असतं तर घरी काय गपच होते की मी." मग दाराकडे तोंड करून, नागसेनला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "अन् त्या टेम्पोचं सातव्या पानावरून पहिल्या पानावर घे. तेबी खरं हाय. दोन्ही बी एकाच माणसानं केलं."

घडले त्या क्रमाचा माझा नियम मोडतो. मोडू द्यावा.

कलम ११. म्हणून नववे कलम रद्द. आत्याची पाने माझ्या मालमत्तेत नाहीत, त्यामुळे ती या मृत्युपत्राने कोणालाही जात नाहीत. मी जगले किंवा न जगले, ती पुस्तकात, तिच्या जागी राहतील. नाव कोणते, हे मी तिला चौथ्यांदा विचारले नाही. ती या कागदावर ज्या नावाने सही करील त्या नावाने छापावे.

हे माझे पहिलेच मृत्युपत्र असल्याने आधीचे कोणतेही रद्द करायचे नाही. आज मला जेवढे कळले तेवढे येथे लिहिले आहे, आणि जे कळले नाही तेही लपवलेले नाही.

ठिकाण: बोरी. दिनांक: १४ डिसेंबर २०२५.

सही: रुपाली भगवानराव खिल्लारे

आमच्यासमोर रुपालीने सही केली व तिच्यासमोर आम्ही केली.

साक्षीदार १: रोहिणी सिताराम वाकळे, रा. चारठाणा. आधार कार्डावर हे आहे म्हणून लिहिले. सुकेशनी मीच. पुस्तकात दोन्ही घालावीत, सुकेशनी आधी.

साक्षीदार २: नागसेन सिताराम वाकळे, रा. चारठाणा. मला यात काही मिळत नसल्याने मी साक्षीदार चालतो, असे ताई म्हणाली. फक्त सहीपुरता साक्षीदार. मजकूर पायरीवर बसून वाचला. पप्पांचे आणखी थोडे सांगायचे आहे. ताई ऑपरेशन करून आली की पुढच्या रविवारी माझेही घ्यावे.