फळांची टोपली

लास वेगास,
रविवार सकाळ

प्रिय शेल्बी,

हे पत्र घरी न येता तू काम करतेस त्या पार्लरच्या पत्त्यावर आलंय म्हणून दचकू नकोस. माझी तब्येत ठणठणीत आहे आणि कुणी गेलेलंही नाही. असं का केलं ते वाचता वाचता कळेल. फक्त गिऱ्हाईक खुर्चीत बसलेलं असताना वाचू नकोस, नाहीतर कुणाच्या तरी केसांचा सत्यानाश होईल.

तुझ्या वडिलांची चेरीची बाग विकली गेली हे वाचून वाईट वाटलं. तुझ्या लग्नाच्या वेळी त्यांनी मला बादलीभर चेरी दिल्या होत्या आणि त्या परतीच्या बसमध्ये माझ्या मांडीवर सांडल्या होत्या. तो फ्रॉक अजून आहे, डाग अजून आहेत. पण बरंही वाटलं. दुसरीच्या दुकानात उभी राहून राहून तू पायांच्या शिरा फुगवून घेतल्यास, आता स्वतःचं पार्लर होईल. पुढच्या महिन्यात पैसे हातात येणार आणि त्याआधी तू, रसेल आणि माझी नात हॅली असे तुम्ही तिघं इथे येऊन चार दिवस मजा करणार, असं तू लिहिलंस. पार्लरच्या पैशांना धक्का लागता कामा नये, म्हणून स्वस्तातली हॉटेलं आणि स्वस्तातली करमणूक मी सांगायची. सहलीची कल्पना रसेलची. 'तो बिचारा दर महिन्याच्या त्या सॉल्ट लेकच्या मीटिंगांनी पार पिळून निघालाय, डोरीन, त्यालाही चार दिवस हवेतच,' असंही लिहिलंस. माझ्या मुलाची एवढी काळजी मीसुद्धा कधी केली नसेल.

तर आधी तू विचारलंस त्याचं उत्तर देते. या गावात इतकी वर्षं काढल्यावर एवढा हक्क मला आहे. खरं सांगायचं तर मला या गावाची किळस येते. शाळेच्या कॅन्टीनमध्ये जन्मभर पोरांना मॅकरोनी वाढली, पेन्शन मिळाली, आणि त्या पेन्शनमध्ये दुसरीकडे कुठे राहता येत नाही म्हणून इथे पडून आहे. नाहीतर इथलं मांजरसुद्धा मी उचलून आणलं नसतं.

स्वस्त हॉटेल हा इथला मोठा विनोद आहे. जाहिरातीत खोलीचं भाडं इतकं कमी असतं की तुमच्या बॉयसीत तेवढ्यात धड पिझ्झा येणार नाही. माणूस हुरळून जातो. मग काउंटरवरची पोरगी गोड हसून 'रिसॉर्ट फी' लावते. कशाची फी, तर ज्यात तू पोहली नाहीस त्या तलावाची, जिथे पाय ठेवला नाहीस त्या व्यायामशाळेची आणि खोलीतल्या त्या फोनची, जो आजकाल कुणी उचलत नाही. कधी कधी ही फी भाड्यापेक्षा जास्त असते. गाडी लावायचे पैसे वेगळे. फ्रीजमधली पाण्याची बाटली नुसती उचलून पुन्हा ठेवली तरी बिलात येते. म्हणून हॅलीचे हात बांधून ठेव, किंवा सरळ रविवार ते गुरुवार या आणि बोल्डर हायवेवरच्या एखाद्या मोटेलात उतरा. तिथलं एक मला माहीत आहे. मालक कुरकुऱ्या आहे, नाश्त्याला काल तळलेले डोनट देतो, पण चादरी स्वच्छ आहेत आणि जुगाराचं एकही मशीन नाही.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची, कारण मोठ्या हॉटेलात कुठेही जायचं झालं तरी मशीनांच्या मधूनच जावं लागतं. किल्ली घ्यायला, जेवायला, बाथरूमला, सगळीकडे. खिडकी नाही, घड्याळ नाही. सिगारेटचा वास दडपायला हवेत नारळाचं की व्हॅनिलाचं अत्तर सोडतात, त्यामुळे सगळीकडे नासलेल्या केकसारखा वास येतो. गेल्या महिन्यात मी एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेले होते. नवरीचा पांढरा झगा घातलेली एक पोरगी कुंडीत ओकत होती. नवरा तिच्या शेजारी बसला होता. एका हाताने तिचे केस मागे धरले होते आणि दुसऱ्या हाताने मशीनचं बटण दाबत होता. वर तिलाच म्हणतो, "झालं का गं? आता हे मशीन सोडून कसं उठू, आत्ता कुठे गरम झालंय, पैसे सोडणारच." मला अशी शिसारी आली की वाढदिवसाचा केक पुढ्यात आला तरी घशाखाली उतरेना. घरी येऊन केस धुतले, कपडे धुतले, तरी तो वास दोन दिवस नाकातून जाईना.

करमणुकीचं म्हणशील तर फुकट बघण्यासारखं बरंच आहे. एका हॉटेलच्या बागेत खरे फ्लेमिंगो आहेत, हॅली खूश होईल. दुसऱ्या एका हॉटेलसमोर कारंजी नाचतात, ती रस्त्यावरून बघायची. दारातून आत गेलीस की मेलीस. जुन्या पिनबॉल मशीनांचं एक दुकानवजा संग्रहालय आहे. नाणं टाकायचं, खेळायचं, हरायचं आणि हसत बाहेर यायचं. पैसे परत मिळण्याचं आमिष नाही म्हणून या गावात मला तेवढी एकच जागा प्रामाणिक वाटते. सकाळी लवकर रेड रॉकच्या डोंगरांत जा, डबे बरोबर घ्या, दुपारच्या आत परत या. बसचा दिवसभराचा पास काढा. आणि रस्त्यावर कुणी हातात कार्ड कोंबलं तर ते हॅलीला दिसायच्या आत फेकून द्या. त्यावर कसली चित्रं असतात ते मी लिहिणार नाही.

स्वस्त जेवण कुठे, असंही तू विचारलंस. ते मला कॉराझॉन सांगायची. ती माझ्या पलीकडच्या ट्रेलर-घरात राहते, मूळची फिलिपाइन्सची, मोठ्या हॉटेलच्या कॅफेत वाढायचं काम करते. तिचे भात-अंड्याचे नाश्ते खाऊन मी इथे तगले आहे. पण मार्चपासून आमचं बोलणं बंद होतं. तिने माझ्या घरच्या एका माणसाबद्दल असं काही सांगितलं की माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिला म्हटलं, "कॉरी, तुझ्या डोळ्यांना चष्मा लाव आणि तोंडाला कुलूप." ती म्हणाली, "चष्मा लावूनच पाहिलं, डोरीन. मला तुझं वाईट करायचं असतं तर मी गप्प बसले असते." मी दार आपटून घेतलं. ते दार काल उघडलं, तुझ्या पत्रामुळे. दालचिनीचा केक भाजला आणि तिच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. तिने केक घेतला आणि एकच विचारलं, "कळलं ना?" मी मान हलवली. मग आम्ही दोघी तिच्या पायरीवर बसून तो केक खाल्ला आणि मी रडले. माझ्या वयात केक चावत रडणं फार वाईट दिसतं.

आता तुला एक जुनी गोष्ट सांगते, ती रसेलने तुला नक्कीच सांगितलेली नाही. आम्ही तेव्हा पोकाटेलोला राहायचो. रसेलच्या बापाचं, व्हर्ननचं, टायरचं दुकान होतं, स्वतःचं घर होतं, अंगणात झोका होता. व्हर्नन कामासाठी म्हणून अधूनमधून बाहेरगावी जायचा. एके दिवशी शीळ घालत घरी आला आणि म्हणाला, "डोरीन, बॅगा भर. वेगासच्या बड्या हॉटेलने आपल्याला बोलावलंय. सगळं फुकट!" मी म्हटलं, आपण कोण असे लागून गेलो? तर म्हणाला, "नशीब लागतं, बाई, नशीब." विमानतळावर लांबलचक काळी गाडी आली. खोली आमच्या घरापेक्षा मोठी. टेबलावर चकचकीत कागदात बांधलेली फळांची टोपली, मधोमध अननस, आणि चिठ्ठी, 'व्हर्नन आणि कुटुंबाचं स्वागत.' कुटुंबाचं! मी त्या टोपलीशेजारी उभी राहून फोटो काढून घेतला आणि बहिणीला पाठवला, तिचा जळफळाट व्हावा म्हणून. रसेल सात वर्षांचा होता. त्याने जवळजवळ सगळा अननस एकट्याने संपवला, जीभ सोलवटली आणि रात्रभर माझ्या कुशीत कुं कुं करत राहिला. व्हर्नन खाली होता. मी मुलाला थोपटत होते आणि आपण किती नशीबवान आहोत असा विचार करत होते. दुसऱ्या वर्षी दुकान गेलं, त्याच्या पुढच्या वर्षी घर. झोकासुद्धा घर घेणाऱ्याने ठेवून घेतला. नोकरी मिळेल म्हणून आम्ही शेवटी राहायला आलो तेही याच गावात, म्हणजे ज्याने लुटलं त्याच्याच दारात. त्या टोपलीचा अर्थ मला इथे आल्यावर कळला. मी फोटो दाखवला तेव्हा कॅन्टीनमधल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि विषय बदलला. इथल्या शेंबड्या पोरालाही तो अर्थ ठाऊक असतो. मला तेव्हा नव्हता.

शेल्बी, तुझ्या पत्राच्या तळाशी, सहीच्या खाली, तू घाईघाईने तीन बदाम काढून लिहिलं आहेस, 'आता हॉटेल शोधू नकोस डोरीन! रसेलचं नाव कुठल्याशा सोडतीत निघालं. हॉटेलातून ट्रेव्हर नावाच्या गोड माणसाचा फोन होता. शनिवारसकट तीन रात्री बैठकीच्या खोलीसकट मोठा स्वीट फुकट, विमानतळावर गाडी, जेवणसुद्धा फुकट! आमचं नशीबच उघडलं!' सोडत नाही गं, बाळा. आठवड्याच्या मधल्या वारी लहानशी खोली स्वस्तात द्यायची कुपनं कुणालाही येतात, मलाही येतात, मी त्यावर भाज्या निवडते. पण शनिवारचा स्वीट, गाडी आणि नावाने फोन करणारा ट्रेव्हर हे फक्त त्यालाच मिळतं जो जुगारात आधीच खूप हरलेला आहे आणि ज्याच्याकडे अजून हरण्यासारखं काही उरलंय असा हॉटेलवाल्यांना वास लागलाय. तुझ्या वडिलांच्या बागेचा वास लागलाय त्यांना, आणि तो कुणी दिला ते मला माझ्या हाताने लिहवत नाही. कॉराझॉनने मार्चमध्ये रसेललाच पाहिलं होतं, दाढी वाढलेला, तिच्या कॅफेत, ट्रेव्हरसारख्याच एका सुटातल्या माणसाबरोबर. आणि मार्चनंतरही, दोनदा, हे तिने काल सांगितलं. सॉल्ट लेकला नव्हता तो, इथे होता, माझ्या घरापासून बसने अर्ध्या तासावर, आणि माझ्या दारी आला नाही. लग्नाच्या दिवशी तू मला विचारलं होतंस, 'तुला आई म्हणू की डोरीन?' आणि मी म्हटलं होतं, 'डोरीनच म्हण, आई म्हणणारा एक आहे, तो पुरे आहे.' तो पुरला नाही. मी त्याचीच आई आहे, आजही त्याच्यासाठी जीव तुटतो, आणि तरीही तुला सांगते, बागेचे पैसे आले की तुझ्या एकटीच्या नावावर ठेव. तो म्हणेल दोघांच्या खात्यात टाकू, गळ्यात पडेल, रडेल, त्याचं रडणं खरंही असेल, पण सही करू नकोस. व्हर्ननही खरंच रडायचा. मग पार्लर उघड आणि त्याच्या नजरेला नजर देऊन विचार, आणि माझं नाव घे, खुशाल घे, मला त्याचा राग चालेल. सहलीचं मात्र मोडू नकोस. तू आणि हॅली इकडे या, त्या हॉटेलात नाही, माझ्याकडे. सोफा उघडला की पलंग होतो, रिसॉर्ट फी नाही, फ्लेमिंगो आपण फुकट बघू. हॅलीला अननस आवडत असेल तर मी बाजारातून आणून ठेवीन, पैसे मोजून.

तुझीच,
डोरीन
(आता आई म्हटलंस तरी चालेल)